फोटोत नव्हतं ते

ग्रुपवर फोटो-स्पर्धेचा निकाल टाकून अर्धा तासही झाला नसेल, तेवढ्यात फोन आला. रविवारची सकाळ होती. मी पोह्यांना फोडणी देत होते आणि ओट्यावर ठेवलेल्या मोबाइलवर अभिनंदनाचे निरोप धडाधड येत होते. फोन करणारा आमच्याच फोटोंच्या ग्रुपमधला, कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवणारा एक तरुण होता. त्याचा फोटो दुसरा आला होता. मला वाटलं, खूश होऊन केला असेल.

"ताई, एक नंबरचा फोटो मोठा करून पाहिला का तुम्ही?"

"पाहिला ना. कावून?"

"मोबाइलवर नाही. कॉम्प्युटरवर पाहा. चश्मा पाहा. फिर मुझे फोन करो."

त्यानं फोन ठेवून दिला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

आमचा ग्रुप म्हणजे भिलाईतल्या मराठी मंडळातल्या हौशी लोकांचा. कोणी पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला, कोणी निवृत्त, कोणी घर सांभाळणाऱ्या. दर महिन्याला एक विषय ठरायचा. सगळे फोटो माझ्याकडे यायचे, मी नावं काढून नुसते नंबर घालून ते ग्रुपवर टाकायची आणि लोक मत द्यायचे. ऑफिसात दिवसभर पत्रं आणि परिपत्रकं टाइप करणारी बाई म्हणून हे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं होतं. एरवी जिंकणाऱ्याला टाळ्यांपलीकडे काही मिळत नसे. त्या महिन्यात मात्र गणपती होते. पहिले तीन फोटो मोठे छापून दहाही दिवस मंडळाच्या हॉलमध्ये लावायचे, असं ठरलं होतं. मंगळवारी ते पावर हाउस बाजारातल्या दुकानात छापायला जाणार होते.

विषय होता 'काम'. पहिला आला तो सुपेला भागातल्या एका गेट-ग्रिलच्या दुकानातल्या वेल्डरचा फोटो. माणूस उकिडवा बसलाय, हातातल्या होल्डरच्या टोकाशी पांढराशुभ्र उजेड, चारी बाजूंनी ठिणग्या उडतायत, आणि त्याच्या डोळ्यांवर काळा चश्मा. चेहरा कसा शांत. निम्म्याहून जास्त लोकांनी त्यालाच मत दिलं होतं. मीही दिलं होतं. फोटो कोणाचा हे मला एकटीला माहीत होतं आणि त्यामुळे मला जास्तच आनंद झाला होता.

तो काकांचा होता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. दोघं गोंदियाकडच्या शेजारशेजारच्या गावांतले, एकाच वेळी भिलाईला आलेले, एकाच ब्लॉकमध्ये खाली-वर राहिलेले. काका प्लांटमध्ये गॅस कटर होते, गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापायचे. बाबा गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. नोकरीच्या कागदांसाठी काका मला स्कूटरवर बसवून महिनाभर या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले. माझ्या लग्नात बाबांच्या जागी तेच उभे होते. निवृत्तीनंतर त्यांनी सुपेल्यामागच्या वस्तीत लहानसं घर बांधलं आणि सत्तरीला आल्यावर मोबाइलनं फोटो काढायला शिकले.

मी गॅस बंद केला, नवऱ्याचा कॉम्प्युटर लावला आणि फोटो मोठा केला. मोठा, आणखी मोठा. वेल्डिंगचा उजेड त्या माणसाच्या गालावर होता, नाकाच्या शेंड्यावर होता, घामाच्या थेंबांवर होता. चश्म्याच्या काचांत मात्र त्याचा टिपूसही नव्हता. नुसते दोन काळे गोळे. आणि उजव्या बाजूची दांडी कानापर्यंत पोचायच्या आधीच केसांत विरघळून गेली होती.

पोहे तसेच राहिले.

मी इतकी का घाबरले ते कळायला दोन महिने मागं जावं लागेल. तेव्हा आमच्याकडे एडिटिंगचे नियमच नव्हते. त्या महिन्यात पहिला आला होता प्लांटच्या चिमण्यांमागून उगवणाऱ्या पूर्ण चंद्राचा फोटो, आणि तो काढला होता याच फिजिक्सवाल्यानं. सगळे वा वा करत असताना काकांनी ग्रुपवर लिहिलं, "चाळीस वर्षं मी त्या चिमण्या पाहून राहिलो. त्या बाजूले चंद्र उगवत नाई." मग कबुली आली की चंद्र दुसऱ्या फोटोतला आहे. "पण असं करू नका, हे लिहिलं कुठे होतं?" असं तो विचारत राहिला. काकांनी हट्ट धरला आणि त्याचा फोटो बाद झाला. ग्रुपवर चार दिवस त्याची थट्टा चालली. कोणीतरी त्याला 'चंद्रवाले सर' म्हणायला सुरुवात केली, ते त्याच्या कोचिंगपर्यंत गेलं.

त्यानंतर नियम लिहिले ते मी, माझ्या घरी, आणि काका शेजारच्या खुर्चीत बसून होते. फोटोची कड कापा, वाकडा असेल तर सरळ करा, उजेड कमीजास्त करा, रंग थोडा चढवा-उतरवा, लेन्सवरच्या धुळीचा ठिपका पुसा, एवढी मुभा. शंका आली तर एका दिवसात मूळ फोटो दाखवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम काकांनी तोंडी सांगितला, मी फक्त भाषा सारखी केली: "फोटो काढताना समोर जे नव्हतं ते घालायचं नाही, जे होतं ते पुसायचं नाही."

मी फिजिक्सवाल्याला फोन लावला. लावताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "हे बघा, ते म्हातारे आहेत. मोबाइलनंच आपोआप काही केलं असेल. तुम्हा दोघांना मिळून पहिला नंबर देऊन टाकू का?"

तो म्हणाला, "ताई, फोटो कोणाचा हे मला माहीत नव्हतं. आत्ता तुम्हीच सांगितलं."

माझे कान तापले. निकालात मी नावं टाकली नव्हती. ती छापताना देणार होते.

"आणि माझ्या चंद्राच्या वेळी हे का नाही सुचलं तुम्हाला?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तेव्हा तर नियमही नव्हता. मुझे एक नंबर नहीं चाहिए, ताई. मला फक्त पाहायचंय की नियम सगळ्यांसाठी आहे की नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मूळ फोटो मागवा. नाहीतर मी ग्रुपवर विचारतो."

त्याचं काहीच चूक नव्हतं. चूक नव्हतं म्हणूनच मला त्याचा राग आला.

दुपारी चार वाजता मी काकांकडे गेले. घरात उडदाच्या वड्यांचा वास होता. काकूंनी मी आले म्हणून लगेच तळायला घेतले होते. काका मोबाइल हातात घेऊन एक नंबरच्या फोटोला ग्रुपवर आलेले अभिनंदनाचे निरोप वाचत होते. "पाह्य," ते म्हणाले, "तुह्या बापानं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, याले काय कळते फोटोतलं!"

मी म्हटलं, "काका, मूळ फोटो लागतो. छापायच्या आधी."

"कोणी मागितला?"

"नियम आहे ना. मीच मागतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची जी नजर मी चाळीस वर्षं ओळखत होते ती माझ्यावरून सरकून भिंतीवर गेली. "डिलीट झाला," ते म्हणाले. "जागा नव्हती मोबाइलमधी."

"काका, चश्मा..."

"डिलीट झाला म्हटलं ना! मले चोर समजून राहिली का तू?"

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काका उठून मागच्या अंगणात गेले आणि तिथं नसलेलं काम शोधू लागले. मी वडा हातात घेऊन बसले होते, तो तसाच ताटलीत ठेवला आणि निघाले. काका माझ्याशी असं कधी ओरडून बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

सोमवारी ऑफिसात माझ्याकडून एकच पत्र तीनदा चुकलं. दर दहा मिनिटांनी मी ग्रुप उघडून पाहत होते. अभिनंदनं अजून चालूच होती. दुपारी फिजिक्सवाल्यानं मला एकटीला लिहिलं, "काही कळलं का?" मी उत्तर दिलं नाही. मी ते वाचल्याची निळी खूण त्याला दिसत असेल, हे मला माहीत होतं. मंडळाच्या अध्यक्षांचा निरोप आला, छापायच्या फोटोंच्या फाइली उद्या सकाळी दहापर्यंत पाठवा. काका काही न बोलता राहिले तर मी काय करणार होते? नियमाप्रमाणे मूळ फोटो नाही म्हणजे फोटो बाद. एका ओळीचं काम. पण ती ओळ काकांच्या नावापुढे लिहायची होती, आणि ज्या ग्रुपनं एका चंद्रासाठी माणसाची चार दिवस टर उडवली तो ग्रुप काकांना सोडणार नव्हता.

तीनच्या सुमारास काकूंचा फोन आला. त्या एरवी स्वतःहून फोन करत नाहीत.

"येऊन जाय तू," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले आणि आता जेवण जाऊन नाई राहिलं त्यायले. सकाळपासून नुसते बसून हायेत."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सुपेल्याच्या चौकात स्कूटर अडकली ती दहा मिनिटं हललीच नाही. पुढे टेम्पो, मागे ऑटो, सगळे हॉर्न वाजवतायत.

काका पुढच्या खोलीत बसले होते. मी बसायच्या आधीच त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "हा घे."

मूळ फोटोत चश्मा नव्हता. तो माणूस उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग करत होता. उघड्या म्हणणंही बरोबर नाही. एक डोळा गच्च मिटलेला, दुसरा जेमतेम चिरेएवढा उघडा, सगळा चेहरा एका बाजूला ओढला गेलेला. आंबट काहीतरी दाताखाली आल्यावर होतो तसा. तो शांत चेहरा, ज्याला आम्ही सगळ्यांनी मत दिलं होतं, तो कुठेच नव्हता. काकांच्या मोबाइलमध्ये एक ॲप होतं. त्यात बोटानं जागा दाखवायची आणि काय हवं ते लिहायचं, की ते तिथे येतं. काकांनी डोळ्यांवर बोट फिरवलं होतं.

"कावून केलं, काका?"

"मी नाई केलं. म्हणजे मीच केलं, पण त्यानं सांगितलं म्हणून केलं." ते थांबले. "फोटो काढला आणि त्याले दाखवला. तर घाबरलाच तो. म्हणे, 'कका, फोटो म चस्मा लगा देबे. घर म देखही त गारी दिही.' घरची पाहील तर शिव्या देईल म्हणते. एकदा रात्रभर डोळ्यांत रेती घातल्यासारखं झालं होतं त्याले. बायकोनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, चश्म्याशिवाय काम करणार नाई म्हणून. आणि हा करून राहिला. चश्मा लावला की जोड नीट दिसत नाई म्हणते, मालक ओरडतो. मी शब्द देऊन बसलो. म्हटलं, लावतो बाबा तुले चश्मा."

मी तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

"पंचवीस वर्षं काळा चश्मा लावून गॅस कटिंग केलं म्हणून आज मी फोटो काढून राहिलो," काका म्हणाले. "त्याचे डोळे पाहून मलेच बरं नाई वाटलं. चश्मा घातला तर फोटोही बरा दिसला. मग वाटलं, पाठवून द्यावा."

"नियम तुम्हीच सांगितला होता."

"मले माहीत नाई का ते?" पुन्हा तोच कालचा आवाज, पण या वेळी तो मधेच तुटला.

मला एक वाट दिसली. मी म्हटलं, आपण त्या वेल्डरला विचारू. तो हो म्हणाला तर ग्रुपवर खरं कारण सांगता येईल. तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. काकांची इच्छा नव्हती, पण काकूंनी त्यांच्या चपला आणून समोर ठेवल्या.

दुकान चालत पाच मिनिटांवर होतं. वेल्डर तिशीचा असेल. आम्ही गेलो तेव्हा तो एका गेटला बिजागरी जोडत होता, चश्म्याशिवायच. काकांना पाहून तो हसत उठला. काकांनी त्याला हळू आवाजात सांगितलं की फोटोला पहिला नंबर मिळाला, पण खोटा निघाला, आणि खरं काय ते लोकांना सांगू का. त्याचं हसू गेलं. त्यानं आधी आत मालक बसला होता तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नहीं कका," तो म्हणाला. "आप बोले थे ना."

बस, एवढंच. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही परत फिरलो.

रस्त्यात काका म्हणाले, "काढून टाक मले. कारण नको लिहू."

"लोक काय समजतील, काका? जिंकायसाठी केलं असं समजतील."

"समजू दे."

"मी नाही लिहू शकत असं."

शंका कोणी काढली ते मी त्यांना जाताना सांगितलं होतं. ते रस्त्यातच उभे राहिले. बाजूनं स्कूटरी जात होत्या. "तू नाई लिहिलं तर तो मास्तर लिहीन," ते म्हणाले. "त्याच्या चंद्राले मी सोडलं होतं का? मग?"

त्यांच्या घरासमोर, स्कूटरला टेकून, मी ती सूचना लिहिली. ऑफिसात हजार पत्रं लिहिली असतील, त्यातलं एकही इतक्या वेळा खोडलं नव्हतं. शेवटी उरलं ते असं: पहिल्या क्रमांकाच्या फोटोत मूळ फोटोत नसलेली एक वस्तू आहे. नियमाप्रमाणे तो फोटो बाद करण्यात येत आहे. दुसरा फोटो पहिला, तिसरा दुसरा, चौथा तिसरा. नाव मी लिहिलं नाही. मग पाठवून दिली.

ग्रुप पेटला. कोणाचा फोटो? कोणती वस्तू? ठिणग्या खोट्या आहेत का? एकानं लिहिलं, "नाव सांगा, पुढच्या वेळी आम्हालाही कळेल कोणाला मत द्यायचं नाही." एकीनं विचारलं, ताईंनी आधी का नाही पाहिलं. ते बरोबरच होतं. मी उभ्या उभ्या वाचत होते आणि काका दारात उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर तेच वाचत होते. मग मी पाहिलं, त्यांचं बोट हळूहळू अक्षरं शोधू लागलं. ग्रुपवर त्यांच्या नावानं एक ओळ आली.

"फोटो माझा होता. वस्तू मीच घातली."

मग सुरू झालं. हसण्याचे चेहरे आले. "चंद्र तर काकांनी पकडला होता ना?" असंही कोणीतरी लिहिलं. मी फिजिक्सवाल्याच्या निरोपाची वाट पाहत होते. वस्तू कोणती हे त्याला पक्कं माहीत होतं. मनात आणलं असतं तर त्यानं चश्म्याभोवती लाल गोल काढून फोटो पुन्हा टाकला असता आणि 'चंद्रवाले सर' म्हणणाऱ्या प्रत्येकाची परतफेड झाली असती. त्यानं लिहिलं, "निर्णय झाला आहे. विषय बंद करूया." बस. त्याचा फोटो हॉलमध्ये पहिल्या जागी लागला, प्लांटच्या गेटबाहेर पहाटे चहा उकळणाऱ्या बाईचा. चांगला फोटो होता. आरतीच्या वेळी तो त्या फोटोसमोर आईला घेऊन उभा असलेला मी पाहिला. मी जवळ जाऊन सॉरी म्हटलं. रविवारी फोनवर जे बोलले त्याबद्दल. तो म्हणाला, "होतं ताई. आपला माणूस असला की होतं." तो हे टोमणा म्हणून बोलला की मोकळ्या मनानं, ते मला कळलं नाही.

काका त्या वर्षी मंडळाच्या गणपतीला आले नाहीत. ग्रुप त्यांनी सोडला नाही, पण तीन महिने एकही फोटो पाठवला नाही. मी दोनदा घरी गेले. काकूंशी बोलून, चहा घेऊन परतले. काका पेपर वाचत बसायचे. मी बरोबर केलं, असं मला ठाऊक होतं, आणि तरी स्कूटर सुरू करताना दरवेळी मला वाटायचं की एखाद्या आजारी माणसाला रांगेतून बाहेर काढून आपण त्याच्या जागी उभे राहिलो.

काकूंकडूनच कळलं की काकांनी पेटीतला जुना, प्लांटमधला काळा चश्मा काढून त्या वेल्डरला नेऊन दिला. एक दिवस त्यानं लावला, दुसऱ्या दिवशी खिळ्याला टांगलेला होता. मग काका रोज सकाळी दूध आणायला जाताना दुकानासमोर थांबायला लागले. काही बोलायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, तो चश्मा लावेपर्यंत. "आता मालक आमच्या यायलेच ओरडते," काकू हसून म्हणाल्या.

थंडी पडल्यावर एका शनिवारी दुपारी काका माझ्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत काकूंनी दिलेले वाटाणे. आत येऊन त्याच खुर्चीत बसले.

"नियमाचा कागद काढ," ते म्हणाले. "एक राहिला त्यातला."

मी कॉम्प्युटर लावला. मग काका म्हणाले, "मी लई विचार केला. चश्मा घातला हे चुकलं, पण ती लहान चूक. मोठी चूक म्हणजे तो फोटो पाठवला. त्याले आपला चेहरा तसा लोकायले दाखवायचा नव्हता. मग मी चश्मा घालून दाखवला. म्हणजे त्याचंही नाई ऐकलं आणि तुमालेही फसवलं. लिही. ज्याचा फोटो काढला त्याले दाखवा. तो नको म्हणीन तर पाठवू नका. त्यात दुरुस्ती करून तर बिलकुल पाठवू नका."

मी लिहू लागले. मग थांबले. बाजारातल्या गर्दीचा फोटो असेल तर प्रत्येकाला कसं विचारणार, मी म्हटलं. पाठमोरा माणूस असेल तर? काका म्हणाले, पाठमोऱ्यालेही पाठ असते. आमचं त्यावर चांगलंच वाजलं. अर्धा तास आम्ही भांडलो, नवरा दोनदा डोकावून गेला. शेवटी 'ज्याचा चेहरा ओळखू येतो' असे शब्द घालायचं ठरलं. काकांना ते फारसं पटलं नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली.

नवा नियम मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकला. पहिली शंका फिजिक्सवाल्याचीच आली: फोटोत लहान मूल असेल तर कोणाला विचारायचं? काकांनी त्याला उत्तर लिहायला घेतलं. मी वाटाणे सोलायला बसले, आणि ते मोठ्यानं एकेक शब्द उच्चारत टाइप करत राहिले.